मोसंबीच्या बागेला सोडलेलं पाणी

बागेला त्या पौषात पाणी मी सोडलं नव्हतं. हे आधी लिहून ठेवते, मग बाकीचं. कारण बाकीचं लिहिता लिहिता हात थकला, कुणी आलं, वही मिटावी लागली, तर निदान एवढं तरी लिहिलेलं राहील.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर अमळनेरकडचं, सासर पारोळ्याच्या बाजूला, रस्त्यापासून आत. मी बोलायला पहिल्यापासून कच्ची. शाळेत मास्तरांनी नाव पुकारलं तरी माझ्या तोंडून 'हजर' निघायचं नाही, शेजारची मुलगी माझ्यासाठी म्हणायची. पण वाचायची मात्र भरभर. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे सगळं त्यावरच आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांनी बाग लावली. त्यांना सगळा गाव नाना म्हणायचा, घरातही नानाच. आमच्याकडे तेव्हा कापूस, ज्वारी, विहिरीखाली थोडा गहू-हरभरा. नाना धुळ्याकडे कुणाच्या लग्नाला गेले होते, तिथे जेवणानंतर कुणीतरी त्यांच्या हातावर मोसंबी ठेवली आणि मागच्या मळ्यात नेऊन झाडं दाखवली. नाना घरी आले ते बाग डोक्यात घेऊनच. कलमं आगगाडीने अमळनेरला आली, तिथून बैलगाडीने ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी. दोनशेच्या वर होती. हे मी ऐकलेलं सांगते. मी पुढच्या वैशाखात लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्या गुडघ्याएवढी होती.

नानांनी बागेसाठी जमीन निवडली ती विहिरीच्या वरच्या अंगाची, उताराची, म्हणजे पाणी साचणार नाही. ते बरोबरच होतं. पण मोटेचं पाणी पाटाने तिथवर चढत नव्हतं. मग पाणी न्यायचं कुणी? अंगावरची हळद उतरली नव्हती तर सासूबाईंनी माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली. आमच्या सालदाराची बायको आणि मी, दोघी. विहिरीशेजारी मोट रिती होते त्या थारोळ्यातून घागर भरायची, चढ चढायचा, एका झाडाला एक घागर, परत खाली. एका दिवसात तिसरा हिस्सा बाग व्हायची. चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्या झाडापाशी. असे तीन उन्हाळे केले. दुसऱ्या उन्हाळ्यात मी पोटुशी होते तरी केलं. मला मुलगी झाली ती सुखरूप झाली, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

मी हे कौतुकासाठी लिहीत नाही. सगळ्याच बाया करत होत्या. पण एखाद्या झाडाला तीन वर्षं हाताने पाणी पाजलं की ते झाड आपल्याला कळायला लागतं. कोणतं झाड हट्टी, कोणतं वाऱ्याला कलतं, कुठे मुंगळे लागतात, सगळं मला माहीत होतं. मोसंबीचं कलम जंबुरीच्या खुंटावर बांधलेलं असतं. जंबुरी म्हणजे आंबटढोण रानटी लिंबाची जात. त्या खुंटाला खालून फुटवा येतो, काटेरी, जोरकस. तो कोवळा असताना अंगठ्याने खुडून टाकला तर ठीक, नाहीतर तोच वर चढतो आणि वरची गोड मोसंबी उपाशी मरते. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन झाडं तशी गेली तेव्हा मी पाहिलं आणि मग रोज पाणी घालताना वाकून प्रत्येक बुडाशी अंगठा फिरवायची. माझ्या अंगठ्याच्या नखात कायम हिरवं असायचं.

चौथ्या वर्षी उंच पाट बांधला आणि पाणी आपोआप वर जाऊ लागलं. माझी घागर सुटली. तरी मी रोज सकाळी न्याहारी घेऊन शेतात जायची तेव्हा जाता-येता बुडं पाहायची.

सहाव्या वर्षी नानांनी ठरवलं की या वर्षी बहार धरायचा. मोसंबीचा बहार आपोआप येऊ दिला तर वर्षभर चार-चार फळं येत राहतात, त्याचा उपयोग नाही. सगळं झाड एकदम फुलायला हवं तर त्याला ताण द्यावा लागतो. म्हणजे दिवाळीनंतर पाणी तोडायचं, बुडाशी माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं, आणि झाड सुकू द्यायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. मग खत घालून आधी थोडं पाणी द्यायचं, त्याला आंबवणी म्हणतात, मग आठवड्याने जरा जास्त, ती चिंबवणी, आणि त्यानंतर भरपूर. मग झाड फुलाने भरतं. पण ताण चालू असताना मध्येच पाणी पोहोचलं तर झाडाला वाटतं पाऊस आला. ते फूल विसरून पानं काढतं. वर्ष गेलं.

हे मला इतकं नीट कसं माहीत? कारण घरात हे वाचलेली मी एकटीच होते.

नानांनी पारोळ्याहून शेतकी खात्याचं छापील पत्रक आणलं होतं. बारीक अक्षर. नानांना मोडी यायची, बाळबोध अडखळत. ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, सही येत होती. माझे धाकटे दीर सातवीपर्यंत शाळेत जाऊन आले होते पण त्यांनी पत्रक हातात घेऊन "बठ्ठं तेच तेच शे" म्हणून ठेवून दिलं. तेव्हा सासूबाई ते घेऊन स्वयंपाकघरात आल्या. मी सासऱ्यांसमोर बोलायचं नाही असा रिवाज, म्हणून मी चुलीपाशी बसून सासूबाईंना वाचून दाखवायचं आणि नाना बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून ऐकायचे. असं तीन दिवस चाललं. मध्येच नाना बाहेरून म्हणायचे, "ते मघाचं परत वाचायला सांगा." मी परत वाचायची. आंबवणी किती बोटं, चिंबवणी किती, किती पानं गळाली म्हणजे ताण पुरा झाला, सगळं माझ्या तोंडून गेलं.

एवढं लिहून मी उठून पाणी पिऊन आले. पुढचं लिहिताना आजही कानशिलं तापतात.

पौष लागला, ताण सुरू होऊन महिना उलटला होता. झाडं भकास दिसत होती. एका संध्याकाळी भाकरी थापताना मी सासूबाईंना म्हणाले, "झाडं किती सुकली हो." बस्. हे एक वाक्य. इतक्या वर्षांत मी बागेबद्दल आपणहून बोललेलं बहुतेक ते पहिलंच वाक्य.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी खालच्या गव्हाला पाणी होतं. हे मोट हाकत होते आणि दीर पाण्यावर होते. पाण्यावरच्या माणसाने हातात फावडं घेऊन पाटाने फिरायचं, एक वाफा भरला की त्याचं दार मातीने बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. पाट गव्हाकडे उतरण्याआधी बागेचा पाट त्यातूनच फुटतो. त्याचं तोंड ताणासाठी मातीने बंद केलेलं होतं, पण मातीच ती. पाट तुंबला की फुटणार. म्हणून माणूस पाण्यावर पाहिजेच.

मी न्याहारी घेऊन गेले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. दीर पाटाच्या कडेला पाय धूत होते. डोक्याला धुतलेला फेटा. शेजारच्या गावच्या जत्रेत त्या दिवशी कुस्त्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं आणि नानांनी जायचं नाही म्हणून सांगितलेलंही माहीत होतं. त्यांनी भाकरी घेतली, उभ्याउभ्याच खाल्ली, आणि म्हणाले, "वहिनी, नानाले सांगू नको बरं. दुपारलगून येस मी."

मी म्हणाले, "आणि पाणी?"

"पाणी काय पळी जाई का? भाऊ शे ना मोटवर."

भाऊ म्हणजे माझे मालक. पण मोट हाकणारा माणूस धावेवर बैल पुढे-मागे करत असतो, त्याला पाट दिसत नाही. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. मी मान हलवली. सांगणार नाही म्हणून मान हलवली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात महाग मान ती.

दुपारी दीर आले नाहीत. मोट चालूच राहिली. संध्याकाळी बैल सोडून हे वर आले तेव्हा गव्हाचे वाफे अर्धे कोरडे आणि बागेत घोट्याएवढं पाणी. पाट फुटला होता. ह्यांनी काय केलं? फावडं घेतलं, तोंड बुजवलं, आणि घरी आले. जेवले. काही बोलले नाहीत. दीर आले तेव्हा दोघे गोठ्यात थोडा वेळ हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं, बैलाबद्दल असेल.

सकाळी नाना बागेत गेले आणि चिखलाचे पाय घेऊन परत आले. ओट्यावर उभे राहिले. आवाज चढवला नाही, तेच भयंकर होतं.

"बागनं दार कोणी फोडं?"

हे म्हणाले, "मी तं मोटवर व्हतो."

दीर म्हणाले, "मी गहूमा व्हतो, नाना. माले तं काही दिसनं नही."

मी दाराआड होते. हातात राखेचं भांडं होतं. मला अजून कळलं नव्हतं की हे कुठे चाललंय. नाना म्हणाले, मग काय दार आपोआप फुटलं? आणि तेव्हा सासूबाई, ज्यांनी तीन दिवस माझ्या तोंडून ते पत्रक ऐकलं होतं, त्या म्हणाल्या, "हिलेच झाडेसनी दया येस. परवाच रडत व्हती, झाडं सुकनी म्हणे. काल न्याहारी लई गई ना ही तठे."

मी रडले नव्हते. मी भाकरी थापत होते.

सगळे दाराकडे बघायला लागले. नाना थेट मला विचारत नसत, ते सासूबाईंना म्हणाले, "विचारा तिले."

"काय व? तू फोडं का दार?"

मी दिरांकडे पाहिलं. पदराआडून पाहिलं, पण त्यांना कळलं असणार. ते पायाच्या अंगठ्याने ओट्याची माती खरवडत होते. मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे बैलांना वैरण टाकायला निघाले होते. मला वाटलं आता कुणीतरी बोलेल. घरात एवढे पुरुष आहेत, एकाला तरी लाज वाटेल. सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, हे मला माझ्या आईने सासरी पाठवताना सांगितलेलं शेवटचं. आणि दिरांना शब्द दिलेला. मी त्या दोन्हींच्या मध्ये उभी राहिले.

"बोलत का नही? तोंडमा गुळणी धरी शे का?"

दीर हसले. हसले! म्हणाले, "जाऊ द्या ना माय. गप बसनी म्हणजे झायंच की."

असं ते ठरलं. त्या दिवशी नानांनी सांगितलं की यापुढे हिने बागेच्या बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही. ज्या बागेच्या मातीत माझ्या घागरीचे ओघळ होते तिच्या आत.

आणि पुढे झालं तेच जे पत्रकात होतं. माघात झाडांना कोवळी हिरवीगार पालवी आली, लांबून बघणाऱ्याला वाटावं काय सुंदर बाग. फूल नावाला. नानांनी चार गावांत सांगून ठेवलं होतं की येत्या दिवाळीला प्रत्येकाच्या घरी माझ्या बागेची मोसंबी येईल. दिवाळी आली. लोक ओट्यावर येऊन बसायचे आणि पानाला चुना लावत विचारायचे, "काय नाना, मोसंबी कोठे शे?" नानांना काहीतरी सांगायला हवं होतं. मग ते सांगायचे. सुरुवातीला चिडून, मग हळूहळू चवीने. "आमनी सूनबाई भलती दयाळू. झाडं तहानेली दिसनी म्हणून गई आणि पाणी पाजी उनी!" लोक हसायचे. मी आत चहा करत असायची. तो चहा मीच बाहेर पाठवायची, हसणाऱ्यांसाठी.

गोष्ट वाढत गेली. दुसऱ्या वर्षी त्यात मी घागरी डोक्यावर घेऊन गेले होते. तिसऱ्या वर्षी मी झाडांना मिठ्या मारून रडले होते. दिरांनी त्यात माझा आवाज काढून दाखवायला सुरुवात केली: "पी रे बाबा, पी." पाहुणे डोळे पुसायचे हसून हसून. एकाही माणसाने विचारलं नाही की इतकं पाणी एका बाईने घागरीने घातलं कसं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. झोके बांधले होते, बहिणी आल्या होत्या, आणि माझ्या आईने मला आमरस वाढता वाढता म्हटलं, "अगं, विचारून तरी करावं. परक्याच्या घरी आपल्या मनाने असं काही करतात का?" गोष्ट माझ्याआधी माहेरी पोहोचली होती. मी आईला सांगितलं, मी नाही केलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, नाही तर नाही." त्या 'नाही तर नाही'चा राग मला आईवर अजून आहे. ती गेली तरी आहे.

पुढची चार वर्षं मी बांधाच्या बाहेरून बाग पाहिली. पुढच्या वर्षी बहार आला, बरा आला, फळं झाली, नानांची मान वर झाली. फुलाच्या दिवसात तो वास मी विहिरीवर कपडे धुताना घ्यायची, कारण वास बांध मानत नाही. पण बुडाशी अंगठा फिरवायला कुणी नव्हतं. पुरुषमाणसं उभ्याने बाग बघायची, वर, फळांकडे. खाली वाकून कोण बघतो? मला बांधावरून दिसायचं, एकेका झाडाच्या पोटातून काटेरी जंबुरी सरळ उभी चढते आहे. दिरांना ती बघून आनंद व्हायचा. म्हणायचे, बघा काय जोर धरलाय झाडाने. मी दोनदा ह्यांना जेवताना सांगितलं. म्हटलं, खालचे फुटवे काढा, ते मोसंबीचे नाहीत. हे म्हणाले, "तू बागेचं नाव काढू नको बाई, परत घरात आग लागेल."

मग धाकटी जाऊ आली. रावेरकडची, केळीवाल्या घरातली. तिची बोली वेगळी, सासूबाई तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या, पण तिला त्याचं काही वाटायचं नाही. ती उलट त्यांची नक्कल करून दाखवायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली आणि पहिल्या दिवसापासून तिचा हेवा वाटला.

तिच्या पहिल्याच हिवाळ्यात पुन्हा ताण सुरू होता. दुपारची वेळ, अंगणात आम्ही शेंगा फोडत होतो. सासूबाईंनी तिला समज द्यावी म्हणून गोष्ट सांगायला घेतली. बागेकडे जायचं तर जा, पण हिच्यासारखं करू नको. मग सगळं, घागरी, मिठ्या, 'पी रे बाबा पी'. जाऊ हसली. ती हसली याचा मला इतका राग आला की माझ्या हातातली शेंग चुरगळली. आणि मी, जिच्या तोंडून कधी 'हजर' निघालं नाही, ती म्हणाले, "पाणी तुझ्या नवऱ्यानं सोडलं. कुस्त्या बघायला गेला होता. विचार त्याला."

मी हे तिच्या भल्यासाठी बोलले नाही. तिला लागावं म्हणून बोलले. नवी नवरी, तिचा काय दोष? पण त्या वेळी ती हसत होती आणि मला कुणाला तरी मारायचं होतं.

तिने खरंच विचारलं. तिथेच, दीर शेतातून येऊन हातपाय धूत होते तेव्हा. आम्ही असं कधी विचारलं नसतं. ती सरळ म्हणाली, "अहो, तुमीच सोडलं होतं का पानी बागेत? ह्या अक्का म्हणतात."

मला वाटलं आता भांडण होईल. दिरांनी तोंडावर पाणी मारलं, पंचा मागितला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "हां, मीच. त्यामा काय? पाट फुटना व्हता. बठ्ठासले माहीत शे."

बठ्ठासले माहीत शे.

सगळ्यांना माहीत! मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "माले तं तवयच समजनं व्हतं. पोरगा जत्रामा दिसना व्हता, लोकेसनी सांगं. नानालेबी माहीत शे. आते इतला वरीस व्हयनात, कोण धरी बसस?"

म्हणजे नानांनाही माहीत होतं. पहिल्या दिवाळीआधीपासून माहीत होतं. तरी ते ओट्यावर बसून सांगत राहिले, कारण पोरगा कुस्त्या बघायला पळाला हे सांगण्यात बापाची लाज होती आणि सुनेने पाणी पाजलं यात गंमत होती. खोटं समजून माझ्यावर राग धरला असता तर मी समजू शकले असते. खरं माहीत असून मला बांधाबाहेर ठेवलं. कारण एकदा सांगितलं ते सांगितलं, परत कसं घ्यायचं?

सासूबाईंनी मग मोठ्या मनाने म्हटलं, "चाल, आते जात जाय बागमा. तोडणीले माणसं कमीच पडतस."

मी म्हणाले, नाही येणार.

मी ह्यांना स्पष्ट सांगितलं. ज्या ओट्यावर नानांनी ती गोष्ट लोकांना सांगितली त्याच ओट्यावर लोक बसलेले असताना एकदा म्हणावं की पाणी सुनेनं सोडलं नव्हतं. कुणी सोडलं ते नका सांगू. फक्त एवढं. मग मी जाईन. हे माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मी नानांचा फेटा मागितला. म्हणाले, "एवढ्याशा पाण्यासाठी म्हाताऱ्याला चारचौघांत मान खाली घालायला लावतेस?" मी म्हटलं, माझी वर आहे का? त्यावर हे पाठ फिरवून झोपले.

मग मी जे केलं तेही लिहिते, नाहीतर ही वहीही त्यांच्या गोष्टीसारखीच होईल. जाऊ चांगली होती. ती माझ्याकडे दोन-तीनदा आली. म्हणाली, "अक्का, फळं आंबट येऊन राहिली. काही झाडांची तर तोंडात धरवत नाही. तुम्हाला कळतं म्हणतात, एकदा येऊन बघा, नाहीतर मला सांगा." मला चांगलं माहीत होतं काय झालंय ते. तिला बांधावर उभं करून दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तेव्हाही अर्धी बाग वाचली असती. मी म्हणाले, "मला काय कळतं? मी तर पाणी पाजणारी." ती गेली. पहिल्या वेळी माझं गप्प राहणं त्यांनी माझ्याकडून करवलं होतं, या वेळचं माझं स्वतःचं होतं. झाडांचा काय गुन्हा होता ते मी स्वतःला विचारलं नाही.

साठ साली, उन्हाळ्यात, बाग काढली. जंबुरीने निम्मी खाल्ली होती, उरलेल्या झाडांच्या खोडातून डिंक गळत होता. मजूर लावले. झाडाभोवती खणायचं, मुळ्या तोडायच्या, दोराने ओढायचं. दुपारी मी भाकरी घेऊन गेले. बांधाच्या आत पाय ठेवताना मला कुणी अडवलं नाही, अडवायला बाग कुठे राहिली होती? मजूर सावलीला बसले. नाना चिंचेखाली बाजेवर. आणि दिरांना तेव्हाही राहवलं नाही. मजुरांना म्हणाले, "ही बाग कशी गई माहीत शे का? आमन्या या वहिनीनी एकदा..."

मी टोपली खाली ठेवली.

"पाणी तुम्ही सोडलं होतं, भाऊजी. धुतलेला फेटा बांधून कुस्त्यांना गेला होतात. माझ्या हातची भाकरी खाऊन गेलात, आणि मला म्हणालात, नानांना सांगू नको."

माझा आवाज मला अनोळखी वाटला, जाड, घोगरा. नाना बाजेवर होते, त्यांच्यासमोर मी बारा वर्षांत पहिल्यांदा बोलत होते. मग दीर हसले, म्हणाले, "अरे वा! वहिनी बोलनी!" आणि एक-दोघे मजूरही हसले, कशाला हसायचं ते न कळून. एक मजूरबाई मात्र हसली नाही. तिने भाकरीचा घास तसाच हातात धरून मला विचारलं, "मंग तवय का नही सांगं, बाई?"

मी टोपलीतल्या भाकरी वाटायला घेतल्या. ती वाईट मनाने विचारत नव्हती. पण एवढी वर्षं मी सगळ्यांवर रागावलेली आणि एका परक्या बाईने बसल्या जागी सगळा राग उचलून माझ्याच अंगावर ठेवला. त्या दिवशी परत येताना मी वाटेत उभी राहून तिला शिव्या दिल्या. मनातल्या मनात. मोठ्याने तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ओट्यावर होते, मी आत चुलीपाशी. ते भिंतीला टेकून बसले, पूर्वी पत्रक ऐकायला बसायचे तसे, आणि सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईले विचारा. त्या रानमा आते काय लावानं?"

एवढंच. माझ्यावरचा आळ काढला असं ते म्हणाले नाहीत, पण नानांच्या तोंडून असलं काही कधी निघालं नसतं, त्यांना हेच येत होतं. मला ते समजलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या मनात उत्तर तयार होतं. उताराची जमीन, निचरा चांगला, पुन्हा मोसंबीच लावा, पण जुने खड्डे सोडून, आणि बुडं बघायला एक माणूस ठेवा, मी बघते. दोन-तीन वर्षं मी हेच मनात घोळवत होते.

मी म्हणाले, "मला नाही माहीत."

सासूबाईंनी ते बाहेर सांगितलं. नाना उठले. त्या पावसाळ्यात तिथे कापूस पेरला.